निर्मूलन आणि खुरपणी

'इरॅडिकेट' या इंग्रजी क्रियापदासाठी 'निर्मूलन करणे' हा प्रतिशब्द मराठीत इतका रुळला आहे, की शिकवताना त्यावर थांबावे असे सहसा कोणाला वाटत नाही. वास्तविक ही जोडी थांबून पाहण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये 'रॅडिक्स' म्हणजे मूळ. त्याला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागला आणि मुळासकट उपटणे हा अर्थ सिद्ध झाला. 'रॅडिश' म्हणजे मुळा आणि 'रॅडिकल' म्हणजे मूलगामी, ही त्याच कुळातली भावंडे. दोन्ही भाषांनी एकच शेत पाहिले आणि एकच प्रतिमा उचलली, असे म्हणता येईल.

गंमत अशी की, शेतात मात्र हा शब्द कोणी वापरत नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात पेरणीनंतर दोन ओळींमधले तण कोळप्याने निघते; रोपाला बिलगलेले तण मात्र खुरप्यानेच काढावे लागते. हे काम बहुतांशी बायकांचे. आमच्या वर्गातल्या काही मुलीही पावसाळ्यात खुरपणीला जातात. हरळीचा एक तुकडा मातीत राहिला तरी तो पुन्हा फुटतो, हे त्यांना शब्दकोशावाचून ठाऊक असते. म्हणून एकाच पिकात दोनदा खुरपायचे आणि पुढल्या वर्षी पुन्हा. 'निर्मूलन' हा शब्द फळावरून घडला आहे, 'खुरपणी' हातातल्या अवजारावरून. पहिल्यात काम संपल्याची ग्वाही आहे; दुसऱ्यात कोणीतरी वाकून बसले आहे.

सार्वजनिक जीवनाने अर्थातच पहिला शब्द निवडला. देवीच्या रोगाबाबत तो अक्षरशः खरा ठरला. त्या विषाणूला माणसावाचून दुसरा आसरा नव्हता, लसही हाताशी होती. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. हिवतापाची कथा निराळी. १९५३ साली देशात सुरू झालेल्या नियंत्रण कार्यक्रमाचे नाव १९५८ साली 'निर्मूलन' झाले. १९६०च्या दशकाच्या मध्यास रुग्ण सुमारे एक लाखावर आले. १९७६ साली ते चौसष्ट लाखांवर गेले. पुढे १९९९ साली कार्यक्रमाच्या नावातून 'निर्मूलन' गेले. हरळीचा तुकडा मातीत राहिला होता.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या इंग्रजी नावात 'इरॅडिकेशन' आहे. मराठी नावात त्या जागी 'समूळ उच्चाटन' असे शब्द आहेत. आता 'उच्चाटन' हा मुळात मारण, मोहन यांच्या पंक्तीतला तांत्रिक विधीचा शब्द. ज्या रानाचे तण काढायचे, त्याच रानातला शब्द कायद्याच्या मथळ्यात उगवावा, यात कोणाचा दोष नाही. मुळे किती खोल असतात, एवढेच त्यातून दिसते.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. 'हुंडा निर्मूलन', 'जातिनिर्मूलन' हे निबंधाचे विषय आम्ही वर्षानुवर्षे देत आलो. विद्यार्थी शेवटी 'समूळ नष्ट केले पाहिजे' असे लिहितात आणि वही मिटतात. कोणी, कधी, किती वेळा, हे प्रश्न त्या भारदस्त नामाखाली झाकले जातात. 'खुरपणी' म्हटले की ते आपोआप उघडे पडतात.

शेतातही आता दुसरा शब्द मागे सरतो आहे. सोयाबीन वाढले, तशी तणनाशकाची फवारणी वाढली. कंबरेचे कष्ट आणि शेतकऱ्याचा खर्च वाचतो, हे नाकारता येणार नाही. पण बायकांची मजुरी जाते आणि खुरपताना ओट्यात येणारी घोळ, पाथरी, तांदुळजाही जाते. काय उपटायचे आणि काय घरी न्यायचे, हा विवेक खुरप्यामागच्या हाताला होता. फवाऱ्याला तो नाही.

म्हणून यापुढे 'इरॅडिकेट' शिकवताना फळ्यावर दोन्ही शब्द लिहावेत. उद्दिष्टाला निर्मूलन जरूर म्हणावे. त्यासाठी दर हंगामात कराव्या लागणाऱ्या कामाला मात्र खुरपणी हाच शब्द नेमका आहे.