मंजिरी खुडायची की राखायची

तुळस आणि सब्जा एकाच कुळातले. दोघांचं खोड चौकोनी, पानं समोरासमोर जोडीनं, तुरेही सारखेच. कोवळी रोपं शेजारी ठेवली की भलेभले गोंधळतात. मी पान चुरडून बघते. तुळशीला लवंगेसारखा तिखट दर्प असतो, तो युजेनॉलमुळे. सब्जाचा वास गोडसर, बडीशेपेच्या वळणाचा. तुळशीचं पान बोटाला लवदार लागतं, सब्जाचं गुळगुळीत.

भिलाईत, आमच्या रुआबांध्यातल्या मुरमाड जमिनीत शेणखत घातलं की दोन्ही फोफावतात. निगा मात्र अगदी उलट. तुळशीची मंजिरी मी कोवळी असतानाच खुडते. बी धरू दिलं तर झाड सगळी ताकद तिकडे लावतं, पानं बारीक होतात, खोड लवकर जून होतं. विठोबाला मंजिरी वाहण्याची आपली रीत म्हणूनच मला फार शहाणी वाटते. पूजेबरोबर छाटणीही होऊन जाते.

सब्जाच्या तुऱ्याला मी हात लावत नाही. खालून वर तपकिरी होत गेला की कापायचा, सावलीत वाळवायचा, तळहातावर चोळून सुपात हलक्या हातानं पाखडायचा. जोरात पाखडलं तर भुशाबरोबर बीही उडतं. चमचाभर काळं बी पेलाभर पाण्यात घालावं. पाव तासात एकेका दाण्याभोवती निळसर पांढरं, बुळबुळीत कवच धरतं. मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा लिंबाच्या सरबतात मला हेच हवं असतं. तुळशीचं बी इतकं फुगत नाही, त्यामुळे तिथे ते चालवून घेता येत नाही. पानांचंही तसंच: तुळस काढ्यात उकळावी, सब्जा चटणीत कच्चाच वाटावा.

कार्तिकात छत्तीसगढी शेजारी जेठौनीला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, तुलसी-चौऱ्यावर उसाचा मांडव घालतात, आपल्याकडे द्वादशीपासून तुळशीची लग्नं लागतात. तुळशीचे वाईट दिवस सुरू होतात ते त्यानंतर. थंडीत माती ओलीच राहते आणि घरातला प्रत्येक जण श्रद्धेनं तांब्याभर पाणी घालतो. मुळं कुजतात, पानं गळतात, आणि दोष थंडीला जातो. सब्जा तोवर बी देऊन मोकळा झालेला असतो, तुळशीला मात्र वर्षं काढायची असतात. म्हणून विनंती एवढीच: थंडीत बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घाला, एरवी पळीभर पुरे. आणि दिवा पानांपासून वीतभर लांब ठेवा.