एका आवाजाला एक बोट

माझ्या मुलाला लिहायला शिकवलं ते बाईंनी. हे ऋण फिटणारं नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

चौथीत असताना तोंडी विचारलं तर तो सगळा धडा घडाघडा सांगायचा. वहीत मात्र ‘शब्द’चा ‘शद्ब’ व्हायचा, ‘कर्म’चा ‘क्रम’. वर्गात चुकलेला शब्द दहादा लिहायला लावत. पुढच्या पानावर तो पुन्हा चुकलेलाच असे. शीवच्या टिळक रुग्णालयात तपासणी झाली, डिस्लेक्सिया असल्याचं कळलं, आणि ओळखीतून अशा मुलांना शिकवणाऱ्या बाईंचा पत्ता मिळाला.

बाईंनी आधी वही मागितली. लाल रेघा सोडून त्या एकेक चूक वाचत गेल्या. म्हणाल्या, “ताई, ह्याच्या कानात ‘र’ नीट आहे. तो कुठे बसवायचा, ते हाताला कळत नाही.”

देवनागरी इथे खरोखरच अवघड आहे. ‘कर्म’ म्हणताना र् येतो म-च्या आधी, पण रफार चढतो म-च्या डोक्यावर. ‘दिवा’त द आधी ऐकू येतो, इ नंतर, कागदावर वेलांटी द-च्या डावीकडे. सहज वाचणाऱ्यांच्या हे लक्षातही येत नाही. बाई शब्द आधी बोटांवर मोडायला लावत, एका आवाजाला एक बोट. मग ताटात रवा पसरून, मोठ्यानं म्हणत अक्षर गिरवायचं. वही सगळ्यात शेवटी.

डोळा, कान, जीभ, हात एकदम कामाला लावायची ही पद्धत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत इंग्रजीसाठी घडवली, 1930 च्या दशकात. मराठीतले रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ यांचे पाठ बाईंनी स्वतः बसून कार्डांवर लिहून काढले होते. केवढं काम ते!

‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘विहीर’ पण ‘विहिरीत’, हा नियम मी शाळेत घोकला होता. बाईंनी तो सांगितलाच नाही. ‘फू’ म्हणताना हात लांब ओढायचा, ‘फु’ला टिचकी वाजवायची, एवढंच. थोड्या वेळानं पोरगाच ओरडला, “शब्द लांबला की आतला उकार आखडतो!” मग मूल-मुलाला, सून-सुनेला, गरीब-गरिबाला त्याचे त्यानेच शोधून काढले. त्या दिवशी मी बाईंच्या पाया पडले.

दहावीच्या परीक्षेत जादा वेळेची सवलत घ्यायला मुलगा तयार नव्हता. बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, “चष्मा लावणारा लाजतो का रे?” अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं भरला.

गावी कायमच्या जाताना कार्डांचा डबा बाई माझ्याकडे ठेवून गेल्या. हल्ली शेजारची दुसरीतली मुलगी संध्याकाळी येते. सध्या आमचा रफार चाललाय. ‘सूर्य’ जमला, ‘पर्वत’वर अजून बोटं अडखळतात.