उलटा आटा

गेल्या डिसेंबरात भाचा शारजाहून सुट्टीवर आला. शमशाबादच्या विमानतळावरून टॅक्सीने संगारेड्डीमार्गे तो देगलूरला पोहोचला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. टॅक्सीच्या टपावर एक लांबट खोकं दोरीने बांधलेलं होतं. घरच्यांना वाटलं टीव्ही असेल. उघडलं तर जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला सायकलचा सांगाडा. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. नुसती फ्रेम आणि चिमटा. अम्मी म्हणाली, "इत्ते दूर से लोहा लाया?"

लोखंड मी मागवलं होतं. शुगर निघाल्यापासून डॉक्टर चालायला सांगत होते. चालण्याचा मला कंटाळा. मोबाईलवर डोंगरातल्या सायकलींचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात किडा शिरला की अशी एक सायकल आपल्या हाताने जोडायची. शारजात कुणीतरी गाव सोडून जाताना सामान विकत होतं, त्यात ही फ्रेम भाच्याने घेतली. "मामू, साइज कौनसी होना?" त्याने फोनवर विचारलं होतं. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकली बावीस नाहीतर चोवीस इंची. डोंगरी सायकलींचा आकडा त्याहून लहान असतो एवढं मी वाचलं होतं. म्हणून मोठ्या जाणकाराच्या थाटात सांगितलं, "पंधरा-सोळा चालेल."

पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाला सतरा-अठरा लागते. हे मला नंतर कळलं. चूक भाच्याची नाही, माझी.

आमच्या भागात चाचांचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पंप, पंक्चर शोधायला पाण्याची घमेली आणि भिंतीला टांगलेले टायर. कधीकाळी तिथे तासाने भाड्याच्या सायकली मिळायच्या. आता महिन्यातून एखादी ओव्हरऑइलिंगला येते, बाकी लहान मुलांच्या सायकली आणि हवा भरणं. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी बंद पडला, ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली होती. चाचा ऐकून उठले आणि आतल्या डब्यातले अ‍ॅटलसचे सुटे भाग मोजायला लागले.

फ्रेम घेऊन गेलो तर चाचांनी आधी ती हाताने तोलली. मग पान्याने नळीवर टकटक केलं, कान लावला. "लोहाच है, मगर अच्छा लोहा है." सीटखाली ४१३० असा आकडा होता. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद. नळ्या पातळ ठेवल्या तरी ताकद टिकते, म्हणून वजन कमी. चाचांनी फ्रेम जमिनीवर उभी केली, मला शेजारी उभं केलं, वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "सर, ये तुमारे कद की नइं."

मी ऐकलं नाही. सीटचा दांडा लांब घेऊ म्हटलं.

पुढचे दोन महिने पगारातले पैसे असे गेले की बायकोने हिशेब विचारणं सोडून दिलं. सव्वीस इंची दुहेरी भिंतीच्या रिम, हब, छत्तीस-छत्तीस आरे, शिमानोचे आठ पाकळ्यांचे गिअर, ब्रेक, खडबडीत टायर. काही नांदेडहून, काही हैदराबादहून, काही कुरिअरने. शिमानो ही जपानमधल्या साकाई गावातली कंपनी, १९२१ साली सुरू झाली आणि पहिल्यांदा तिने फ्रीव्हीलच बनवलं. साकाई हे त्याआधी कित्येक शतकं तोड्याच्या बंदुका आणि सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांचं गाव. सायकलचा आणि बंदुकीचा हा संबंध मला पुढे पुन्हा भेटला.

तो भेटला बीबीपाशी. पायडलचा अ‍ॅक्सल फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बसतो तिला सायकलच्या धंद्यात बीबी म्हणतात. यावरून दुकानात जे विनोद होतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. ती बसवायचं वीस दातांचं हत्यार मी मागवलं होतं, व्हिडिओही पाहिला होता. म्हटलं, हे घरीच करू. एका जुम्याला नमाजहून आलो, अंगणात पोतं अंथरलं आणि उजव्या बाजूचा कप घट्ट करायला घेतला. घट्ट होईना. जोर लावला. आणखी जोर लावला. किर्रर्र असा आवाज आला तेव्हा थांबलो.

फ्रेम खांद्यावर टाकून चाचांकडे गेलो. त्यांनी बॅटरी मारून आत पाहिलं. "सीधा फिराए क्या?" हो म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारला नाही, हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "बीबी उल्टी रहती सर. चेन के बाजू की उल्टी." चाळीस वर्षं त्यांनी फक्त देशी सायकली उघडल्या. परदेशी फ्रेम ते आयुष्यात पहिल्यांदा हातात धरत होते. पण कुठला आटा उलटा ते त्यांना ठाऊक होतं, कारण हा आटा ठरवला तो इंग्रजांनी. त्याचं नावच बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका बनवायला निघालेला कारखाना पुढे सायकली बनवू लागला, आणि त्याच्या आट्याचं माप अजून जगभर चालतं. एक पूर्णांक सदतीस शतांश इंच व्यास, इंचाला चोवीस आटे.

उलटा का, हे मी वर्गातल्या पोरांना पेन्सिलने दाखवतो. पेन्सिल सैल मुठीत धरा आणि तिचं वरचं टोक बोटाने घड्याळाच्या दिशेने गोल फिरवा. मुठीत पेन्सिल स्वतःभोवती विरुद्ध दिशेने सरकते. तसंच इथे. उजवीकडून पाहिलं तर अ‍ॅक्सल घड्याळासारखा फिरतो, पण पायाचा भार कपाला कणाकणाने उलटीकडे ढकलत राहतो. साधा आटा असता तर सायकल चालवता चालवता कप सुटून आला असता. उलटा आहे म्हणून टिकतो.

चाचांनी आट्यात रॉकेल सोडलं, लोखंडी ब्रशने कचरा काढला आणि कप बोटांनी, अगदी नुसत्या बोटांनी, उलटा फिरवत आत नेला. दोन आटे चेपले होते, बाकी वाचले. सीटचा दांडा मिळाला तो बारीक निघाला. चाचांनी थंड पेयाचा रिकामा डबा कात्रीने कापून त्याचा पत्रा दांड्याभोवती गुंडाळला आणि ठोकून बसवला. व्हिडिओत हे नव्हतं.

काम चालू असताना मी त्यांना या सायकलींचा जन्म सांगितला. कॅलिफोर्नियात मॅरिन परगण्यातली काही पोरं १९३०-४० च्या दशकातल्या जाड टायरच्या जुनाट सायकली डोंगरावर न्यायची आणि कच्च्या रस्त्याने सुसाट खाली सोडायची. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून धूर निघायचा. दर खेपेला हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. चाचा म्हणाले, "मतलब पुरानी सैकलां जोड कोच बनाए ना उनों बी?" आणि परत आरे ताणायला लागले.

सायकल तयार झाली आणि रविवारी फजरनंतर मी होट्टलकडे निघालो. देगलूरपासून आठ-दहा किलोमीटर. चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत, पण मला ओढ होती अलीकडच्या गाडीवाटेची. महामार्गावरच्या ट्रकांपासून सुटका. दोन किलोमीटरांत गुडघे हँडलला लागायला लागले. सीट वर घेतली तर पाठ वाकून कमान झाली. घरी येऊन सांगितलं, "मस्त." पुढच्या रविवारी हँडलची मान बदलली. त्याच्या पुढच्या रविवारी सीट मागे सरकवली. टेप घेऊन रोज काहीतरी मोजत होतो. शाळेतला एक सहकारी म्हणाला, "सरांनी गाडी विकली की काय?" त्याचं काही वाटलं नाही. टेपचं वाटत होतं. कारण खरं काय ते घरात सगळ्यांना दिसत होतं. नववीतली माझी लेक पाच फूट एक इंच आहे, आणि पंधरा इंची फ्रेम तिच्याच मापाची.

३ जानेवारीला शाळेत मी सावित्रीबाईंवर बोलतो, ९ जानेवारीला फातिमाबींवर. दोन्ही भाषणं पाठ आहेत. आठवीच्या हिंदीच्या पुस्तकात पी. साईनाथांचा एक पाठ होता, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईच्या बायका नव्वदच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेतून सायकल शिकल्या त्याचा. त्यांत मुस्लिम बायकाही होत्या. पोर पुढच्या दांडीवर बसवता येतं म्हणून काहींनी मुद्दाम जेन्ट्स सायकलच पसंत केली. तो पाठ मी कितीतरी जणांना वाचायला दिलाय. आणि मी अंगणात टेप घेऊन सिद्ध करत होतो की ही सायकल माझीच आहे.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९८७ चा उन्हाळा असेल. आपा अकरा वर्षांची, मी आठचा. चाचांकडे लहान लाल सायकल तासाला पन्नास पैशांनी मिळायची. आमच्या दोघांत मिळून एकच तास परवडे. आपा मोठ्या सायकलवरही दांडीखालून पाय घालून कैंची मारायची, लाल सायकल तर तिच्या हातात पाखरासारखी. मला चालवता यायची नाही, म्हणून मी मागे कॅरियरवर. एका दुपारी ती मला उतरवून एकटीच पुढे गेली, पार लेंडी नदीच्या बाजूला, आणि तास संपेपर्यंत आलीच नाही. मी घरी जाऊन अब्बांना सांगितलं. पोरं तिच्याकडे बघत होती, असंही सांगितलं. ते खोटं होतं. अब्बांनी मारलं नाही. "अब बस," एवढंच म्हणाले. आपा त्यानंतर सायकलवर बसली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी सीट खाली केली आणि लेकीला म्हटलं, चल. बायको दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही मागेच राहा हं." मी स्कूटरवर मागे. थंडी होती, हरभऱ्यावर दव. पहिला किलोमीटर ती गिअरशी भांडत होती. मग तिला सापडलं. गाडीवाट जिथे ओढ्यात उतरते तिथे ती ब्रेक चिमटत चिमटत खाली गेली, दगडांतून पाणी ओलांडलं आणि हलक्या गिअरवर पलीकडचा चढ बसल्या जागेवरून चढली. त्या चढाला मी दोनदा उतरून सायकल ढकलली होती. माझी स्कूटर ओढ्यात घालता येईना. ती तुरीच्या आड गेली.

पाच मिनिटं. सात. फोन तिच्याकडे नव्हता. एक शेतकरी बैल घेऊन आला, ओढ्यापाशी थांबला. "सायकलवर पोरगी गेली ती कोणाची हो?"

"माझी," म्हटलं.

"जोरात चालवती," म्हणाला आणि बैलांना पाणी पाजायला लागला.

ती आली ती सायकल ढकलत. पुढच्या चाकात येड्या बाभळीचा काटा, बोटभर. एवढ्या महागाच्या टायरला देगलूरच्या काट्याने विचारलंही नव्हतं. "अब्बू, कल फिर आएंगे?" तिने विचारलं. घमेल्यात ट्यूब बुडवून चाचांनी बुडबुडे मोजले, तीन भोकं.

मागच्या आठवड्यात आपा उदगीरहून आली. गुडघ्यांचं दुखणं आहे, अंगणात खुर्ची टाकून बसली. लेक तिला गिअर दाखवत होती. आपाने ब्रेक दाबून पाहिला, घंटी शोधली, ती नव्हती. मग मागे वळून पाहिलं.

"इसको क्यारियर कायकू नइं?"

डोंगरी सायकलला नसतं, मी म्हटलं. बसवायला फ्रेममध्ये भोकंच नाहीत.

"तो तू कां बैठता था?" ती म्हणाली आणि चहाचा कप घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी अस्रनंतर सायकल चाचांकडे नेली. त्यांनी भंगारातून एक जुनं अ‍ॅटलसचं कॅरियर काढलं, चार पट्ट्या वाकवून क्लिपा केल्या आणि नळीला रबर लावून आवळल्या. म्हणाले, वजन जास्त नको ठेवू. पंधरा किलोपर्यंत चालेल.