सांगलीचे म्हणजे ऊसवाले

परगावात मी 'सांगली जिल्हा' म्हटलं की समोरच्याचं वाक्य ठरलेलं असतं, "मग काय, ऊसवाले तुम्ही! तुम्हाला काय कमी?" माझं गाव आटपाडी तालुक्यात. आमच्या रानात बाजरी, मटकी, आणि अलीकडं डाळिंब.

सातारकर म्हणजे फौजी, सांगलीकर म्हणजे ऊस-हळदीचा बागायतदार. हे सगळंच खोटं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण जिल्हा नदीकाठालाच संपत नाही. पाऊस सह्याद्रीला अडतो. त्यामुळं एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि माणला पाचशे गाठताना दमछाक होते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगली शहरात शिरली. पाहुण्यांचे फोन यायला लागले, "पुरात बरे आहात न्हवं?" त्या वेळी आमच्या बाया टँकरच्या वाटेकडं डोळं लावून घागरी मांडून बसल्या होत्या. आणि ज्याला आपण सुखी बागायतदार म्हणतो, त्याचा उभा ऊस तिकडं पाण्याखाली कुजत होता.

ह्या कोरड्या रानानं आटपाडी-खानापूरची पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला देशभर पांगवली. माझा धाकटा भाऊ चौदाव्या वर्षी गलाईच्या कामाला तमिळनाडूत गेला. तिथं त्याला 'बंबईवाला' म्हणतात. मुंबई त्यानं उभ्या जन्मात एकदाच बघितली, एका लग्नापुरती.

असल्या शिक्क्यांवर आम्ही हसतो, पण त्याची किंमतही मोजतो. दुष्काळ म्हटला की लोकांच्या डोळ्यापुढं मराठवाडा येतो. 'सधन जिल्ह्या'तली आमची तहान कुणाला खरी वाटत नाही.

ज्यांना वाटली, ते नागनाथअण्णा नायकवडी. अण्णा वाळव्याचे, म्हणजे ऐन कृष्णाकाठचे. स्वातंत्र्यलढ्यात लढलेले, पुढं साखर कारखाना उभा केलेले. शिक्क्याप्रमाणं बघितलं तर पक्के ऊसवाले. पण तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी त्यांनी पाणी परिषदा भरवल्या. आज टेंभू योजनेतनं कृष्णेचं पाणी उचलून आमच्या माळाकडं येतं, त्यात त्या रेट्याचा वाटा आहे.

म्हणून मला वाटतं, माणसाला जिल्हा विचारावा, पण तिथंच थांबू नये. पुढं विचारावं, "तुमच्याकडं पाणी कुठवर आलंय?"