एकाच बाराची शिट्टी

रात्रीचे साडेदहा झालेत. घर निजलंय आणि माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय. संध्याकाळी बंदिस्त रेंजवर शेजारच्या लेनमध्ये .३२ पिस्तुलाचा सराव चालू होता. घाम पुसायला मी इअरमफ क्षणभर वर केला, तेवढ्यात बार झाला. एकच.

साध्या .२२ पिस्तुलाचा आवाजही १४० डेसिबलच्या पुढे जातो. उघड्यावर तो विरतो. इथे भिंती आणि छत तो परत अंगावर फेकतात. आठवड्यातून चारदा रेंजवर जाणाऱ्याने नुसत्या मफवर विसंबू नये, हे माझं आता ठाम मत आहे. आत फोमचे प्लग, वर मफ. दोन्ही किती आवाज अडवतात त्या आकड्यांची बेरीज होत नाही, जेमतेम पाचेक डेसिबल वाढतात. पण ते पाच मला हवेत.

प्लग नुसता कोंबून चालत नाही. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. तो फुगत जातो तसं जग लांब जातं. वरचा मफ इलेक्ट्रॉनिक असला तर प्रशिक्षकांच्या सूचना थोड्याफार तरी कानावर येतात. चष्म्याची दांडी मात्र पातळ हवी. जाड दांडीमुळे मफच्या गादीखाली फट राहते.

उद्याचा सराव रद्द केलाय. शूटिंग करणाऱ्या मित्रांनो, रेंजवर शेवटचा बार होईपर्यंत मफ उचलू नका. कानातल्या त्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.