वेळापत्रकामागचा माणूस

सहल-संयोजकाचा व्यवसाय म्हणजे फुकटचा प्रवास, असा समज बाळगून तुम्ही प्रशिक्षणास गेलात, तर पहिल्या आठवड्यातच तो गळून पडेल. आम्हांला प्रथम शिकवले गेले ते स्थळांचे माहात्म्य नव्हे, तर सुट्टीचे वार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण हा भेद ध्यानी न घेता आखलेला कार्यक्रम चाळीस माणसांना बंद दारापुढे उभे करतो. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर आपले वाहन सोडावे लागते. पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचे आणि मग पायऱ्या. हे अंतर कागदावर मिनिटांत मांडता येते; गुडघे दुखणाऱ्या आजींच्या पावलांनी ते मोजायला शिकणे, हेच खरे प्रशिक्षण होय. गटाचा वेग सर्वांत मागे राहणाऱ्याने ठरवायचा असतो.

तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात. म्हणून हे अधिक आस्थेने सांगतो. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत आणले गेले, हे वाक्य कोणीही पाठ म्हणेल. ते ऐकताना श्रोत्याची नजर कळसावरून हळूहळू पायाकडे उतरावी, असे सांगणे हे भाषेचे काम आहे. थकून चिडलेल्या प्रवाशाला ‘थोडे थांबू या’ कोणत्या स्वरात म्हणावे, हेही भाषेचेच काम. या वाटेने जाण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा : शंभरदा पाहिलेले लेणे प्रथमच पाहणाऱ्याच्या उत्सुकतेने दाखवण्याची माझी तयारी आहे का?