सुंभाच्या टोकाला आम्ही

घरात बांधकाम निघालं की ज्यांना शाळेला दांडी मारायला आयतं कारण मिळायचं, त्या आमच्या पिढीला तुळई आधी वजनावरून कळली. तुळई चढवायला अख्खी वाडी लागायची आणि ती गुळगुळीत करायला घरातलं लहानमोठं प्रत्येक माणूस. रंध्याचं यंत्र असलेली गिरणी तालुक्याच्या गावी होती म्हणे. पण बारा-चौदा फुटी ओंडका बैलगाडीवर बांधायचा, तिथे पाळीची वाट बघायची आणि परत आणायचा, या खटाटोपात गाडीभाडंच डोक्यावर बसायचं. त्यापेक्षा मेस्त्री घरी आलेले परवडत. रोजाची मजुरी, दुपारचं जेवण, दोनदा चहा आणि पानाचा डबा उघडा.

लाकूड बहुधा परसातलंच. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आल्यावर फणस, ऐन, किंजळ असल्या झाडांनाही परवानगी लागू लागली आणि थोरले काका कागद घेऊन तालुक्याला खेपा घालू लागले. एवढ्या खेपांनी मिळालेलं झाड कोण वाया घालवणार? ते पानगळीच्या दिवसांत पाडायचं, साल काढायची, कुणी महिना-दोन महिने तळीत बुडवून ठेवायचे म्हणजे कीड लागत नाही, मग सावलीत टाकायचं. उन्हात टाकलं तर तडे जायचे. मात्र चौकोनी करायचं काम लाकूड अर्धवट ओलं असतानाच उरकत. सुकलेल्या ऐनावर वाकस, म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार, चालवणं म्हणजे हाताचे हाल.

त्या चौकोनी करण्यात पैसा नाही, फक्त डोकं लागायचं. दोरी कावेच्या पाण्यात भिजवून ओंडक्याच्या दोन्ही टोकांना ताणायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, की लाल रेघ उमटे. मग त्या रेघेपर्यंत हात-हातभर अंतरावर कुऱ्हाडीने खाचा. दोन खाचांमधलं लाकूड थोडक्या घावात ढलपी होऊन निघून येई. नंतर मेस्त्री ओंडक्यावर उकिडवे बसून वाकसाने तासत पुढे सरकत. ढलप्या गोळा करायचं काम मुलींचं. त्या चुलीत जात, म्हणजे तासकामातून आठवडाभराचं जळणही सुटे. आजीचा हिशेब तिथून सुरू व्हायचा.

खरी काटकसर पुढे होती. तुळईच्या चारही बाजूंना रंधा मारायला कुणी सांगतच नसे. मेस्त्री आधी विचारायचे, “ही खालसून कोण बघतला?” ओटीवरची असेल तर खालची बाजू आणि दोन्ही कडा रंध्याने साफ. माजघरातली असेल तर खालची बाजू तेवढी. वरच्या अंगावर माळ्याच्या फळ्या बसायच्या, तिथे वाकसाने सपाट केलं की झालं. स्वयंपाकघरातल्या तुळईला तर रंधा लागलाच नाही. धुराने ती दोन वर्षांत काळी व्हायची आणि धुरातल्या लाकडाला भुंगा लागत नाही असं आजीचं म्हणणं होतं. आज जुन्या घरांच्या माळ्यावर बॅटरी घेऊन चढलात तर वाकसाच्या खवल्या अजून दिसतील. लोकांना तो ओबडधोबडपणा वाटतो. मला तो वाचवलेला रोज वाटतो.

वाशांची गोष्ट वेगळी. नळ्यांच्या छपराला वाकडा वासाही चालून जाई, गोल असला तरी चाले. मंगलोरी कौलं आली आणि त्यांनी शिस्त आणली. कौलाची खाच रिपेवर नेमकी बसायला हवी, म्हणून रिपा सरळ, रिपा सरळ म्हणून वासे एका पातळीत. आमच्या वाडीत रंध्याचं काम वाढलं ते कौलांमुळे. शोभेचा विचार फार मागाहून आला.

तर रंधा. आम्हा मुलांच्या वाट्याला यायचा तो मोठा रंधा, हातभर लांब, पुढे आडवा दांडा ठोकलेला. त्या दांड्याला सुंभ बांधायचा. मागून मेस्त्री रंधा दाबून ढकलणार, पुढून आम्ही ओढणार. एकट्या माणसाला रुंद पातं जाड लाकडावर रेटवत नाही. ओढणारा असला की मेस्त्रींचा जोर दाबायला मोकळा राही. ओढणाऱ्याने हिसका द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी कळे, कारण हिसक्याने पातं उडी मारी आणि तुळईवर पायरी पडे. मग मेस्त्री सुंभ काढून घेत आणि दुसऱ्याला देत. याहून मोठा अपमान आम्हाला माहीत नव्हता.

सुरुवातीला रंधा तिरपा मारायचा, म्हणजे वाकसाचे उंचवटे लवकर मोडतात. उंचवटे गेले की मग लांबीत. फणसाची शेव पिवळीधमक, लांबच लांब निघायची आणि तिला गोडसर वास असे; ऐनाची मात्र भुकटीच व्हायची. गाठ आली, किंवा लाकडाची रेघ उलटी फिरली, की रंधा खरडत जाई आणि ढलप्या उपटत असे. “उलटो रंधो मारलंस तर लाकूड रुसता,” असं म्हणून मेस्त्री तेवढ्या भागापुरते तुळईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. दर थोड्या वेळाने पातं निसण्यावर जाई. रंध्याच्या तळाला खोबरेलाचं बोट फिरवायचं काम काकीकडे होतं, आणि तेल संपलं की ती कुरकुरे. पण तेल लावलेला रंधा निम्म्या जोरात सरकतो, हे तिलाही ठाऊक होतं.

पीळ बघायची युक्ती तर फुकटची. तुळईच्या दोन्ही टोकांना एकसारख्या दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या, एक डोळा मिटून एकीवरून दुसरीकडे बघायचं. कडा समांतर दिसल्या तर बरं, नाहीतर उंच कोपऱ्यावर खडूची फुली. शेवटचा हात काचेचा. फुटलेल्या तसबिरीची काच फडक्यात धरून तिच्या ताज्या कडेने खरवडलं की रंध्याच्या बारीक रेघा जात. काच पेपर विकत आणायचा तो दाराच्या चौकटीपुरता. तुळईला खरवताची खरखरीत पानं घासली तरी भागे. वर काजूच्या टरफलांचं काळं तेल, वाळवीसाठी. ते हाताला लागलं तर फोड येत, म्हणून मुलांना त्या दिवशी अंगणात बंदी.

गेल्या वर्षी घर उतरवून नव्याने बांधायला घेतलं तेव्हा जुन्या तुळया तशाच वापरायच्या ठरल्या. गिरणीवाले जुनं लाकूड घेईनात. आत खिळा असला तर त्यांचं पातं जातं. पुतण्याने हातातला विजेचा रंधा भाड्याने आणला. त्याचं पातं 82 मिलिमीटरचं, तुळई नऊ इंची. म्हणजे शेजारी-शेजारी तीन पट्टे, आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यावर उंचवटा राहणारच. आधी चुंबक फिरवून खिळे काढले, मग मशीनने मळ काढला. राहिलेले उंचवटे काढायला हातरंधाच लागला. एवढी जोडी बसली की काम स्वस्तात होतं, हे मी छातीठोकपणे सांगेन. नुसत्या मशीनने तुळई गुळगुळीत करायला जाणारे शेवटी पॉलिशवाल्याला दुप्पट देतात.

चारही बाजू चकाचक करायच्या असा पुतण्याचा हट्ट होता. काकी आता ऐंशीच्या पुढे, खुर्चीतूनच म्हणाली, “वरसून कोण बघतला रे?” वरची बाजू राहिली. भाडं सगळ्या भावंडांनी वाटून भरलं. कुणी किती वेळ मशीन धरलं यावरून मात्र घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून जुंपलेली आहे.